मैत्रिणीचा शॉट

माऊने बुटाचं खोकं टेबलावर पालथं केलं आणि एकवीस चिठ्ठ्या खाली पडल्या. वर्ग रिकामा झाला होता. फळ्यावर तिच्या व्हिडिओच्या एकेका शॉटचं चित्र काढलेल्या चोवीस चौकटी अजून चिकटपट्टीने लटकत होत्या, आणि त्यातली एक सुटून वाकडी झाली होती. ती आधी सरळ करून मग माऊने पहिली चिठ्ठी उघडली.

वर्गात तिला माऊ म्हणत. चालताना पाऊल वाजत नाही, बोलताना ओठ हलले की नाही ते कळत नाही, आणि कधी आली कधी गेली याचा पत्ता लागत नाही, म्हणून. नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ठेवलं होतं अगदी चपखल. तिलाही त्याचा राग नव्हता. नाव आहे म्हणजे कधीतरी कुणी हाक मारणार, असा तिचा साधा विचार.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. गाणी संगीत विभागातल्या मुलांनी बांधलेली. माऊच्या वाट्याला आलेल्या गाण्यात एक मुलगी दिवसभरात काय काय केलं ते सांगते आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी म्हणते, बाकी विशेष काही नाही. कॅमेऱ्याला हात लावण्याआधी आखणी वर्गापुढे मांडायची, अशी सरांची शिस्त होती. चौकटी लावायच्या, गाणं वाजवायचं, आणि वर्गाने प्रेक्षक होऊन चिठ्ठीवर मत लिहायचं, नाव न घालता. त्या पंधरा मिनिटांत व्हिडिओ करणाऱ्याने एक अक्षर बोलायचं नाही. "कामाची वकिली कामालाच करू द्या," सर म्हणत. बोलघेवड्या पोरांना त्या पंधरा मिनिटांत दरदरून घाम फुटे. माऊला काहीच जड गेलं नाही. तिची बाकीची पंधरा-पंधरा मिनिटंही तशीच जात.

पहिल्या चार चिठ्ठ्या गोड होत्या. रंग छान. खिडकीशी बसून जेवते ते आवडलं. पडदा फार मळका वाटतो, बदल. पाचवीपासून गाडी रुळावरून उतरली. 'हिला कुणीच नाही का? पटत नाही.' 'निदान आई तरी फोन करेल की.' 'इतकं एकटं कुणी नसतं, अति झालं.' मग हिरव्या शाईतली एक आली. 'अगं, दिवसभरात एक माणूस हिला जेवलीस का विचारत नाही? असं कुठे असतं! लिहिणारीने जरा घराबाहेर पडावं, चार माणसं बघावी.'

हिरवी शाई म्हणजे भोंगा. नाव घालायचं नाही हा नियम तिच्यापुरता बिनकामाचा होता. अख्ख्या वर्गात हिरवं पेन तिचं एकटीचं. भोंगा म्हणजे वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची मुलगी. ती तिसऱ्या मजल्यावर हसली की तळमजल्यावरचा शिपाई वर बघायचा.

माऊने चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे केले. न पटलेल्यांचा गठ्ठा तेरा चिठ्ठ्यांचा झाला. तो हातात घेऊन ती फळ्यापुढे उभी राहिली. मुलगी उठते, चहा करते, बसच्या खिडकीशी बसते, वर्गात बसते, खिडकीशी जेवते, कपडे वाळत घालते, दिवा मालवते. हे काढताना तिने डोक्याला फार ताण दिलाच नव्हता. आदल्या मंगळवारी सकाळपासून झोपेपर्यंत जे घडलं ते तिने चौकटींत मांडलं होतं, इतकंच.

"काय म्हणतायत मायबाप?" विसरलेली छत्री घ्यायला सर परत आले होते.

"तेरा जणांना पटत नाही, सर."

"काय पटत नाही?"

"मुलगी एवढी एकटी असते, ते."

सरांनी छत्रीच्या टोकाने चौकटींवरून एक फेरी मारली. "मलाही जरा ओढूनताणून वाटलंच होतं. हे बघ, दोन रस्ते आहेत. बदल कर, नाहीतर बदल का करत नाहीस त्याचं कारण लिही. कारण पटलं तर मी सही करतो. परवापर्यंत आण."

आपल्या भाड्याच्या खोलीवर येऊन माऊने कागद घेतला आणि लिहिलं, 'कारण असं असतं.' वाक्य तिला बरं वाटलं. मग सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ते विचारणार, कशावरून? आणि ती काय पुढे करणार? गेला मंगळवार? तेरा जणांपुढे उभं राहून सांगायचं, की बाबांनो, ही मुलगी मीच आहे? त्यापेक्षा नापास झालेलं परवडलं. तिने कागद फाडला आणि पंचविसावी चौकट काढायला बसली. शेवटचं कडवं. दारावर थाप पडते. मुलगी दार उघडते. दारात मैत्रीण उभी असते आणि हसून म्हणते, काय गं, आहेस का? ते चित्र काढता काढता तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

सरांनी उभ्या उभ्या सही केली. "बघ! उगाच नाही मी प्रेक्षकाला देव मानत."

आता देव पावला, पण मैत्रीण कुठून आणायची? चोवीस चौकटींचं चित्रण माऊने एका आठवड्यात उरकलं. मुलीचं काम तिने स्वतःच केलं. कॅमेरा स्टँडवर लावायचा, बटण दाबायचं आणि जाऊन आपल्या जागी बसायचं. पण पंचविसाव्या चौकटीत माणसं दोन होती. दर रविवारी सकाळी आई फोन करून विचारायची, "मैत्रिणी आहेत ना गं बरोबर?" आणि माऊ सांगायची, "आहेत की, ढीगभर." त्या ढिगातली एकही आता उसनी मिळेना.

दोन दिवस ती एकच वाक्य मनात घोळवत होती. तिसऱ्या दिवशी जिन्यात भोंगा एकटी सापडली तेव्हा ते वाक्य नेमकं पळून गेलं.

"तू हिरव्या शाईने लिहितेस ना?" माऊ म्हणाली.

"अगं बाई, ओळखलंस! आणि मी मेली नाव घालायचं नाही म्हणून किती सांभाळून लिहिलं." भोंगा खो-खो हसली. "रागावलीस?"

"नाही. तू म्हणालीस कुणीतरी यायला हवं. म्हणून मी एक मैत्रीण घातलीये. तर ते काम... तू येशील?"

"करावं तसं भरावं, दुसरं काय! येते की. रविवारी तीनला चालेल? दहा मिनिटांचं काम ना?"

"दहा मिनिटांचंच."

रविवारी माऊने खोली दोनदा झाडली. पडदा धुतला. बिस्किटं आणून ताटलीत मांडली, मग फार दिसतात म्हणून अर्धी परत पुड्यात भरली. कॅमेरा दारासमोर लावून ठेवला. तीन वाजले, सव्वातीन झाले. ती येणार नाही हे माऊने मनाशी पक्कं केलं, आणि पक्कं केल्यावर जरा बरंही वाटलं. निदान वाट बघणं तरी संपलं. इतक्यात दार धाडधाड वाजलं.

"अगं ए, माणसं राहतात की नाही इथे?"

माऊने धावत जाऊन दार उघडलं.

"दहा मिनिटं झाली बेल दाबतेय! बेल मेलीये तुझी."

"हो?" माऊने बाहेर येऊन स्वतः बटण दाबून पाहिलं. बेल वाजली नाही. "कधी बंद पडली कुणास ठाऊक."

"कुणास ठाऊक म्हणजे? कुणी वाजवतच नाही की काय?"

"सेल संपला असेल," माऊ म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

खोलीत खुर्ची एकच होती, ती भोंग्याने घेतली. कपही एकच होता, तोही तिला दिला. माऊने आपला चहा वाटीत ओतून घेतला आणि उभ्यानेच प्यायली. भोंगा एरवी चहा पितानाही बोलायची थांबते थोडीच, पण आज तिची नजर खोलीभर फिरत होती.

"हीच का गं ती चौकटीतली खिडकी?"

"हो."

"आणि ती दोरी, ते टेबल... सगळं जसंच्या तसं काढलं होतंस की."

"समोर होतं ते काढलं." माऊ स्टँडचा स्क्रू उगाचच पिळत बसली. "करायचं सुरू?"

पहिल्या टेकला भोंगा दारात आली आणि हसूच आवरेना. दुसऱ्याला तिची सावली माऊच्या तोंडावर पडली. तिसरा मात्र जमला. थाप पडली, माऊने दार उघडलं, समोर भोंगा, केस वाऱ्याने उडालेले, आणि म्हणाली, "काय गं, आहेस का?" असं म्हणाली की जणू रोज याच वेळेला येते. हाच तो शॉट, हे माऊला तिथल्या तिथे कळलं. आता आभार मानायचे आणि बिस्किटं पुढे करायची, एवढंच राहिलं होतं.

"अजून एकदा," तिच्या तोंडून निघालं.

मग काय, चौथ्यात केस डोळ्यांवर आले. पाचव्यात पाय आधी दिसला. सहाव्यात हसू जास्त झालं, सातव्यात कमी झालं. भोंगा बिचारी निमूट बाहेर जायची, दार ओढून घ्यायची, थाप मारायची. दर थापेला माऊ तितक्याच लगबगीने दाराकडे जायची. दर वेळी दार उघडलं की तोच चेहरा तिच्यासाठी आलेला असायचा. नवव्यांदा काय खोट काढावी ते तिला सुचेना.

"बाहेर गाडीचा हॉर्न वाजला," ती म्हणाली.

"वाजू दे की!" भोंगा दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवाज कुठे घेणारेस तू? वर गाणंच चढवायचंय ना?"

माऊने जीभ चावली. तीन वर्षं शिकून ही चूक! पहिल्या वर्षाचं पोरही असं बोललं नसतं. गाण्याच्या व्हिडिओत हॉर्न वाजो, नाहीतर ढोल वाजो, कुणाला ऐकू येणार होतं?

"बघू तरी, मी कुठे चुकतेय," म्हणत भोंगा कॅमेऱ्याच्या मागे गेली. माऊ पुढे झाली, पण उशीर झाला होता.

चित्रण चालू असताना पेटणारा लाल दिवा विझलेला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं होतं, कार्ड भरले आहे. आधीच्या चोवीस शॉट्सनी ते भरतच आलं होतं, आणि सहाव्या टेकला पुरतं भरलं. माऊने ते तेव्हाच वाचलं होतं. त्यानंतर तीन वेळा तिने नुसतंच, कॅमेरा बंद असताना, भोंग्याला बाहेर पाठवून दार वाजवायला लावलं होतं.

भोंगा पडद्याकडे बघत राहिली. मग तिने दाराकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि शेवटी टेबलावरच्या चहाच्या वाटीकडे. ती धुवायची राहून गेली होती. धरणीने पोटात घ्यावं, दुसरं काही नको, असं तिला झालं. उद्या सकाळी ही गोष्ट तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत जाणार. ज्या तेरा जणांपासून लपवायची म्हणून एवढी यातायात केली, त्या तेराही जणांना कळणार, आणि तेही हिच्या तोंडून.

"मी... कार्ड रिकामं करायला विसरले," ती म्हणाली.

भोंगा बोलली नाही. भोंगा गप्प राहिल्याचं माऊने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. भोंग्याने खुर्चीवरची पिशवी उचलली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती परत खुर्चीवरच ठेवली. चपला पायांत सरकवून ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

जिन्यावर पावलं वाजतील म्हणून माऊ कान देऊन उभी राहिली. पावलं वाजली नाहीत. बाहेर एक गाडी येऊन गेली.

मग दारावर थाप पडली. मघाच्या नऊ थापांसारखी ती नव्हती. बोटांच्या पेरांनी, जपून मारलेली होती. माऊ जागची हलली नाही, म्हणून परत एकदा पडली.

"उघड गं," बाहेरून आवाज आला, तीन मजले सोडाच, दाराच्या अलीकडे जेमतेम पोचेल एवढा. "मीच आहे."