शिंपल्याला लावलेलं तीर्थ

२०२२ साल. मार्च महिना होता. आगरदांड्याच्या जेटीजवळ मांडव पडला होता आणि आत बायकांची नुसती रेटारेटी. निमित्त काय, तर दात! मिश्रीनं काळे पडलेले दात शुभ्रनाथ महाराज पांढरे करून देत. चिनीमातीच्या वाडग्यातल्या तीर्थात कापसाचा बोळा बुडवायचा, दातांवरून फिरवायचा, चूळ भरायची की समोर आरसा. चाळीस वर्षं मिश्री लावणारी मनुबाई तर आरशात बघून रडलीच.

"माये, दात मिश्रीनं काळे होत नाहीत!" महाराज माईकवरून गरजत. "पूर्वजानं नवस मोडला की तो वंशाच्या दातांवर येऊन बसतो. समुद्रमंथनातली चौदा रत्नं देवदानवांनी नेली. हे पंधरावं, आमच्या गुरूंनी लपवून ठेवलेलं! धातूचा विटाळ याला चालत नाही. मिश्री मात्र खुशाल लावा, देवीला चालते!"

या शेवटच्या वाक्यावरच गर्दी लोटली होती. सवय सोडायची नाही आणि रूप तेवढं हवं.

मागे बसलेल्या नीराबाईच्या अंगाचा तिळपापड होत होता. राग महाराजाचा होता, तितकाच स्वतःचा. पूर्वी सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास घरभर सुटायचा, सासू-जावा ओटीवर ओळीनं बसून मिश्री लावत जगाच्या गप्पा मारायच्या. त्या गप्पांची तिला अजून आठवण यायची. पण मिश्रीच्या त्याच डबीतली चिमूट तिनं दहा वर्षांच्या नातीच्या, क्रांतीच्या, दुखऱ्या दाढेवर चोळली होती. तेव्हापासून पोरीला चटक लागली. आता क्रांती बावीस वर्षांची. हरिहरेश्वरच्या एका हॉटेलात काउंटरवर नोकरी निघाली होती, सोमवारी मुलाखत. तिथं पाहुण्यांशी हसून बोलायचं होतं.

या मांडवात तिचे दोन वेळा दात घासून झाले होते. दात पांढरे झाले खरे, पण कालपासून गार पाण्याचा घोट घेतला तरी पोर कळवळत होती.

"आजे, आज शेवटचा बोळा."

"कल येते ना गो दातांत?"

"महाराज बोलले, नवस निघताना दुखतंच."

तेवढ्यात चेल्याच्या हातून बोळा निसटला आणि वाळूतल्या शिंपल्यावर पडला. शिंपल्यावर फस्सकन फेस आला. नीराबाईच्या नाकाला ओळखीचा वास झोंबला. मुलानं, निकेशनं, बाथरूमची लादी घासली होती तेव्हा असाच फेस आणि असाच वास आला होता.

ती उठली. मूठभर शिंपले उचलून गर्दीत घुसली.

"महाराज, या शिंपल्याला बी तीर्थ द्या. याच्याही पूर्वजानं नवस मोडला असंल!"

बायका खिदळल्या.

"म्हातारे, हट!"

ती हटली नाही. शिंपले वाडग्यात टाकले. सोड्याच्या बाटलीसारखा फेस वर आला आणि काठावरून ओघळला.

"पाहिलंत? तीर्थ जागृत झालं!" महाराज ओरडला.

"जागृत झालंय? मंग चोल ना तुज्याच दातांना! चोल, आमी बगताव!"

महाराज एक पाऊल मागे सरला. माईक चेल्याच्या हातात गेला. नीराबाईनं काठीनं शिंपले बाहेर काढले. कडा झिजून पातळ झाल्या होत्या.

"बगा गो बायांनो! जे शिंपल्याला खातंय, ते दाताला सोडंल काय?"

मग मनुबाईनंच टेबलावरचं भगवं फडकं ओढलं. खाली निळा कॅन होता, लादी धुण्याच्या ॲसिडचा.

क्रांतीनं तोंडावर हात धरला. नीराबाईनं तिला मांडवाबाहेर ओढत नेलं.

मुरुडच्या दातांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की ॲसिड डागाबरोबर दाताचं कवचही खातं, आणि गेलेलं कवच परत येत नाही.

महाराज त्याच दुपारी बोटीनं दिघीला पळाला. वर्षभरानं टकलावर केस उगवण्याचं तेल विकताना पोलिसांच्या हाती लागला. मनुबाईचे पुढचे दोन दात गेले, तरी अजून म्हणते, "हात मात्र हलका होता त्याचा." क्रांतीला ती नोकरी मिळाली नाही. ती आता एका लॉजच्या काउंटरवर बसते. मिश्री सुटली, दात थोडे पिवळट राहिले, पण ती मोकळी हसते. नीराबाईनं सत्तराव्या वर्षी मिश्री सोडली. पंधरा दिवस डोकं ठणकलं, घरच्यांवर खेकसली, पण सोडली. त्या डबीत आता जाळी विणायच्या सुया असतात.

चाळीस वर्षं चिमटीचिमटीनं चढलेला काळेपणा एका बोळ्यानं उतरवतो, असं कुणी म्हणालं तर पाया पडायची घाई करू नका. आधी विचारा, वाडग्यात काय आहे? आणि मग आपल्या डबीत काय आहे, तेही बघा.