मान टाकलेले तुतवार

आयुष्यभर बस चालवलेल्या त्या माणसाची नजर साखरेच्या आजाराने नेली. तेव्हा त्याने बायकोकडे एकच मागणं मागितलं: पावसाळा सरताना खाडीच्या चिखलावर दूरदेशीचे पक्षी उतरतात, तेव्हा मला तिथे नेत जा.

बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. दिवसभर वाफेत चादरी उपसणाऱ्या तिला पक्ष्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. तरी दर वर्षी ती त्याला बांधावर बसवायची आणि दुर्बिणीतून बघून सांगायची. त्यांतल्या चिखल टोचत फिरणाऱ्या इवल्या तुतवारांची चोच तिला शिवणयंत्राच्या सुईसारखी वाटे. तिचं वर्णन ऐकून तो पोट धरून हसायचा.

यंदा पाऊस लवकर थांबला होता आणि ऊन हटायचं नावच घेत नव्हतं. डबक्यांतलं पाणी हिरवं पडलं होतं, वास मारत होतं. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि चिखलावरून दोनदा फिरवली.

"बोल की," तो म्हणाला.

"बसलेत. उन्हाने दमले असतील."

"ओहोटीला बसलेत? ही तर त्यांची जेवायची वेळ. आणि आवाज का नाही?"

तिने दुर्बीण पदराने पुसली.

"अगं, खोटं बोलणं तुला कधी जमलंय का?"

"माना टाकल्यात," ती म्हणाली. "बरेचसे मेलेत. उरलेल्यांना मान उचलवत नाही."

त्याने ओळखीतल्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, उष्म्याने तळ कुजला की त्यात विष तयार होतं. मेलेल्या पक्ष्यांतल्या अळ्यांत ते साठतं, त्या अळ्या खाऊन जिवंत पक्षीही पडतात. म्हणून मेलेले आधी उचला, हातमोजे घालून. मी निघालेच.

हातमोजे तिच्या पिशवीत होतेच, कामावरचे.

"मीही येतो चिखलात," तो म्हणाला.

"घसरलात तर तुम्हाला उचलू की पक्ष्यांना?"

"पक्ष्यांना."

तिने त्याला बांधावरच बसवलं. मेलेले गोणीत, जिवंत त्याच्यापाशी सावलीत, असं ती करत राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, कंबरेचा काटा ढिला झालेला. तो एकेक पक्षी ओंजळीत घेई, अंगठ्याने छाती चाचपी आणि बाटलीच्या झाकणातून चोचीवर पाणी सोडी.

"पी रे राजा, पी," तो म्हणत होता.

ती परत आली तेव्हा त्याच्या हातातल्या पक्ष्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत काही उरलं नव्हतं. पाणी त्याच्या बोटांमधून गळत होतं.

"अहो, ठेवा तो खाली."

"का? आत्ता तर धडधडत होता."

तिने तो हळूच काढून घेतला. तो बराच वेळ रिकामी ओंजळ तशीच धरून बसला.

"मला कळलंच नाही गं," तो म्हणाला. "मी आपला बोलतच राहिलो."

डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. सावलीतले पक्षी त्यांनी दवाखान्यात नेले. त्यांतले थोडेच पायांवर उभे राहिले. त्यांना दुसऱ्या किनाऱ्यावर सोडलं. बाकीचे पुरले.

खाडीवरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला नको नेऊस आता."

तिने आग्रह केला नाही. त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या झाकून ठेवला, कामावर रजा कळवली, धुतलेले हातमोजे पिशवीत टाकले आणि ती एकटीच खाडीकडे निघाली. तिथे अजून पुष्कळ उचलायचे होते.