वाघाचा पडदा

सासूबाईंनी सुई मखमलीत खोचली, चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याचा काठ मांडीवरून बाजूला सारला.

"माझी कंबर गेली. इथून पुढे तू घे."

"अजून अर्धाही झाला नाही, आई."

"मग? अर्धा झाल्यावरच कंबर जावी असा काही कायदा आहे?"

सून हसली नाही. नाट्यगृहाच्या रंगमंचावर अंथरलेल्या लाल मखमलीच्या कडेकडेने ती अनवाणी चालत आली आणि सासूबाईंच्या जागी बसली. पडदा एवढा मोठा होता की तो शिवायला गावात दुसरी जागाच नव्हती, म्हणून दोन्ही शिवणयंत्रं, इस्त्री, कात्र्या आणि चहाचा थर्मास असा सगळा संसार रंगमंचावर आणून मांडला होता. पलीकडच्या टोकाला तिचा नवरा पडद्याच्या वरच्या कडेला जाड पट्टी शिवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा टांगायचा होता आणि संध्याकाळी नाटक होतं. डागडुजीनंतर उघडणाऱ्या नाट्यगृहातलं पहिलं.

"काय वाघीणबाई, आमच्या दोरीला काम कधी देताय?" पडदा ओढणाऱ्या दोरवाल्याने विंगेतून विचारलं.

"उद्या. तोवर दोरीला तेल लावा."

"तेल लावून बसलोय. या वेळी किती पट्टे?"

नवऱ्याने यंत्र थांबवून वर पाहिलं. ती मान खाली घालून दोरा ओवत राहिली. हा विनोद आता जुना झाला होता आणि दोरवाला मनाने वाईट नव्हता. गावात दुसरं कुणी भेटलं असतं तरी त्याने हेच विचारलं असतं.

या नाट्यगृहाचा याआधीचा पडदाही तिनेच शिवला होता. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, दुकान नवं होतं आणि एवढं मोठं काम पहिल्यांदाच हाती आलं होतं. गोदामाच्या फरशीवर तिने मखमलीचा तागा उलगडला, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, तिथे दुमडून परत आणला, पुन्हा नेला. चादरी अशाच कापायच्या. दोन्हीकडच्या घड्या कापल्या की झटपट सारख्या लांबीचे तुकडे पडतात. पण मखमलीला लव असते. मांजराच्या पाठीसारखी ती एकाच दिशेने झोपते. कापड पुढेमागे नेल्यामुळे एका तुकड्याची लव खाली झोपली, शेजारच्याची वर. गोदामातल्या सपाट उजेडात सगळे तुकडे एकाच रंगाचे दिसले. ते जोडले, टांगले आणि भरल्या नाट्यगृहात पहिल्यांदा रंगमंचाचे दिवे पडले, तेव्हा पडद्यावर वरपासून खालपर्यंत पट्टे उमटले. एक फिका, एक गडद, एक फिका, एक गडद.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वाघ आला रे वाघ!"

सगळं नाट्यगृह हसलं. दुसरा पडदा घ्यायची नाट्यगृह चालवणाऱ्या संस्थेची ऐपत नव्हती, त्यामुळे वाघ तिथेच राहिला. पुढे ती प्रथाच पडली. दिवे लागले की मागून "वाघ!" अशी आरोळी यायची, आणि ती आल्याशिवाय नाटक सुरू झालंय असं कुणाला वाटायचंच नाही. शाळेतून नुकती सुटलेली पोरंही ओरडायची. त्यांना पडदा कुणी शिवला ते ठाऊकही नव्हतं. मोठ्यांना होतं. ती बाजारात निघाली की "वाघीण आली" असं कुजबुजायचे, आणि कुजबुज अशी की पार पलीकडच्या गल्लीत ऐकू जावी.

दुकान बंद झालं. लग्नाचे कपडे वाघिणीकडे कोण टाकणार? ती घरी बसून पँटच्या चेन बदलू लागली, बाह्या आखूड करू लागली. नवरा खुर्च्यांच्या गाद्या करायचा. एकदा त्याच्याकडे मखमली बैठक आली. त्याने ती मुकाट्याने बाजूला ठेवली, आणि तिने मुकाट्याने उचलून आणली. शिवली, उसवली, परत शिवली. मग वाद्यांच्या पेट्यांची अस्तरं. पहिल्या पेटीत मखमलीला असे फुगे आले की पेटीला गालगुंड झालंय की काय असं वाटावं. गिऱ्हाइकाने ती तिच्या तोंडावर उघडून दाखवली. तिसरी पेटी त्याने परत आणली नाही. त्यानंतर ती मखमलीशिवाय दुसऱ्या कापडाला फारसा हात लावेनाशी झाली. डोळे मिटून, हाताची उलटी बाजू फिरवून लव सांगायला ती शिकली. प्रत्येक तुकडा कापण्याआधी मागच्या बाजूला खडूने बाण काढायचा, हा नियम तिने स्वतःला घालून घेतला आणि कधी मोडला नाही. परगावच्या लहान नाट्यगृहांचे पडदे तिने शिवले. त्यांच्याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. पडद्याला याहून मोठी शाबासकी नसते.

या वेळी कामासाठी अर्ज केला तेव्हा नाट्यगृहाच्या नव्या व्यवस्थापकाने कागद खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं होतं.

"तुम्हीच ना त्या? वाघवाल्या?"

"मीच."

"मग तुम्हालाच काम का द्यावं, सांगा."

"कारण ती चूक आता दुसरा कुणीही करू शकतो. मी नाही."

व्यवस्थापक हसला आणि काम मिळालं. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "तोंड भलतंच चालायला लागलंय तुझं." पण दिवसभर तो स्वतःशीच गुणगुणत होता.

आता ती काठ दुमडत, टाके घालत पुढे सरकत होती. उजव्या हातात सुई, डावा हात कापड सपाट करत पुढे. सासूबाईंनी जिथे सुई खोचली होती तिथे एक शिवण होती. ती शिवण ओलांडली आणि तिचा डावा हात थांबला.

तिने तो मागे घेतला, परत फिरवला. मग हात उलटा करून फिरवला. लवेचं मांजर गुरगुरलं.

"अहो," ती म्हणाली. "हे इकडचे तीन पन्हे, तीन तुकडे, उलटे आहेत. लव वर झोपलीय."

नवऱ्याने यंत्र सोडलं, येऊन गुडघ्यावर बसला आणि कापडाची मागची बाजू उलटून पाहिली. खडूचे बाण एकाच दिशेला होते, सैनिकांसारखे.

"बाण बघ. सगळे सरळ आहेत."

"बाण सरळ आहेत. कापड नाही."

"अगं, उद्याची धास्ती घेतलीयस तू. सकाळपासून धड खाल्लं नाहीस. मला तर काही वेगळं लागत नाही." त्याने राठ तळवा मखमलीवरून फिरवला. "रंगमंचाच्या दिव्यांखाली बघावं म्हटलं तर त्यांच्या तारा जोडायच्या राहिल्यात. ते लोक उद्या दुपारी येणार. आणि आता उसवायचं म्हणजे चार शिवणी वरपासून खालपर्यंत. बाणाप्रमाणे बरोबर असलेलं उसवून उलटं शिवलंस, तर मग?"

त्याचं 'मग' रंगमंचावर पडून राहिलं. मग वाघ. या खेपेला तो कायमचा.

ती उकिडवी बसून बाणांकडे बघत राहिली. ते तिनेच काढले होते, तिच्याच नियमाने. तागा समोर ठेवायचा, मोकळं टोक हातात घ्यायचं, लव खाली जाते त्या दिशेला पहिला बाण. पुढचे तागे एकाच गिरणीचे, एकसारखे गुंडाळलेले, त्यामुळे मोकळ्या टोकापासून तसाच बाण. तिसऱ्या ताग्याशी येऊन तिचा विचार अडखळला. तिसऱ्या ताग्यावर डाग असेल अशी तिला शंका आली होती. तिनेच दुकानदाराला तो सगळा उलगडून दाखवायला लावला होता. आणि दुकानदाराने तो दाखवता दाखवता दुसऱ्या नळीवर गुंडाळला होता. आतलं टोक बाहेर आलं होतं, म्हणजे त्या ताग्यावरचे बाण उलटे पडले असणार.

"टॉर्च आणा," ती म्हणाली.

दोरवाल्याने विंगेतला टॉर्च आणून दिला. तिने त्याला बाकीचे दिवे मालवायला सांगितले, पडद्याच्या वरच्या टोकाला टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला आणि पेटवला. प्रकाश मखमलीला घासत गेला. जवळचे पन्हे उजळ लाल झाले. पुढचे तीन, वाळलेल्या रक्तासारखे काळसर.

दोरवाल्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"हातानं कळलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

ती दुसरीकडेच बघत होती. उजळ आणि काळसर यांच्या सीमेवर, अगदी त्या शिवणीपाशी, मखमलीत दोन बारीक भोकं होती. तिथेच मघाशी सासूबाईंची सुई खोचलेली होती. चुकलेल्या पन्ह्यात त्यांनी एकही टाका घातला नव्हता.

तिने मान वळवली. सासूबाई स्टुलावर बसून थर्मासचं झाकण पुसत होत्या. ते मघापासून कोरडंच होतं.

आधीच्या पडद्याचा सगळा काठ सासूबाईंनी हाताने घातला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कापड मांडीवर घेऊन, एकेक पन्हा बोटांखालून काढत. बाजारातून आणलेल्या कापडात धागा कमी आहे हे ज्या बाईला पिशवीत हात घातल्याबरोबर कळतं, तिने. चहात साखर जास्त, भाजीत मीठ कमी, झाडू उभा का ठेवला, दार आपटलं का. सासूबाईंनी तिला बोलायचं काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं. फक्त त्या पडद्याबद्दल इतक्या वर्षांत त्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. सगळं गाव हसत असताना आपल्या घरात तरी कुणी हसलं नाही, याचं तिला केवढं अप्रूप वाटलं होतं. सासू तोंडाची फटकळ, पण मनाची मोठी, असं ती माहेरी सांगत आली होती. त्या बोटांना तेव्हाही उलटी लव कळली असणार, आणि तरी टाका थांबला नव्हता.

तिने डब्यातून उसवायची कात्री काढली आणि तशीच पुढे धरली.

"आई, खालच्या टोकाकडून उसवायला घेता? मी वरून येते."

सासूबाईंनी झाकण खाली ठेवलं. स्टुलावरून उठल्या, रंगमंचावर मांडी घालून बसल्या आणि शिवणीवर ओणव्या झाल्या. कंबरेवर हात न ठेवता, एकदाही न कण्हता.

"असं बघत काय राहिलीस?" त्या म्हणाल्या. "उजेड आहे तोवर उरकू या. आणि तू रे, दोरवाल्या, नुसता खांबासारखा उभा राहू नकोस. ते कापड ताणून धर."

दोघी दोन टोकांकडून उसवत आल्या आणि मध्यावर भेटल्या. तीन पन्हे निघाले, फिरले. तिने जुने बाण पुसून काढले आणि नवे काढलेच नाहीत. हात फिरवला, मान हलवली, आणि नवऱ्याने यंत्र सुरू केलं. बाहेर दिवे लागायच्या वेळी शेवटची टीप पडली. काठ मात्र सासूबाईंनीच पुरा केला. दुसऱ्या कुणाला त्यांनी सुई दिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृह भरलं. ती कडेच्या रांगेत बसली, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासूबाई. दुपारी तारा जोडून झाल्या तेव्हा व्यवस्थापकाने एकदा दिवे लावून बघायला बोलावलं होतं. ती गेली नव्हती. नवऱ्याने कारण विचारलं नाही. आताही तो खिशातल्या किल्ल्या मोजत होता. मागच्या रांगांमध्ये पोरांची खुसफूस चालली होती. ती कशासाठी, ते तिला पक्कं माहीत होतं.

नाट्यगृहातले दिवे मंदावले. रंगमंचाचे लागले.

पडदा लाल होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल, वरून खाली ओतल्यासारखा.

मागे श्वास ओढल्याचा आवाज झाला, आरोळीच्या आधी होतो तसा. आरोळी आली नाही. मग त्या शांततेत एका पोराचा अगदी दुखावलेला आवाज आला:

"अरे, वाघ कुठंय?"

नाट्यगृह हसलं. पण हे हसणं तिने पूर्वी ऐकलेलं नव्हतं. माना वळू लागल्या, ती बसली होती त्या दिशेला. कुणीतरी म्हणालं, "गेला वाघ! वाघिणीनं खाल्ला!" आणि टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेत व्यवस्थापक उभा राहून वाजवत होता. विंगेच्या फटीतून दोरवाला वाजवत होता, दोरी काखेत धरून. एकही नट अजून समोर आला नव्हता आणि नुसत्या एका पडद्याला टाळ्या मिळत होत्या. नवरा म्हणाला, "ऊठ की," आणि तिला दंडाला धरून उठवलं. ती उभी राहिली. काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने नुसती मान डोलवली, मापं बरोबर आल्यावर डोलवावी तशी.

ती खाली बसली तेव्हा सासूबाई तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून त्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांचे डोळे ओले होते, किंवा चष्म्यावर दिवे पडले असतील.

ती त्यांच्याकडे झुकली.

"आई, कंबर कशी आहे आता?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पण त्यांचा हात मांडीवरून उठला आणि तिच्या मनगटावर येऊन बसला.

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "गप्प बस. पडदा उघडतोय."