दोन मात्रांची जागा

रत्नपालची बायको अल्का गेली त्याला येत्या शुक्रवारी वर्ष होणार होतं, आणि या वर्षात रत्नपाल एकदाही रडला नव्हता. गावाने आधी त्याचं कौतुक केलं, मग काळजी केली, मग कुजबुज सुरू केली. गावाला चघळायला काहीतरी लागतंच. खुद्द रत्नपालला विचाराल तर त्याला काहीच होत नव्हतं. भूक लागली की जेवायचा, झोप आली की झोपायचा. दम्याने गेलेल्या बायकोचा फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडे तोंड करून तो सकाळी शर्टाची बटणं लावायचा.

अर्जुनी मोरगावपासून सायकलने अर्ध्या तासावरच्या त्या गावात रत्नपाल गाण्यांना चाली लावायचा. शब्द दुसऱ्याचे, चाल त्याची. विहारातल्या भजन मंडळाची पेटी वीस वर्षं त्याच्याच पुढ्यात होती. पण अल्का गेल्यापासून एकही नवी चाल झाली नव्हती. आता तिच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला नवं गाणं म्हणायचं असं मंडळाने ठरवलं, आणि शालिकराम गुरुजींनी शब्दही लिहून आणले.

"चाल जमत नसंल तं सांग बाप्पा," गुरुजी म्हणाले. "सिनेमाच्या एखाद्या चालीवर बसवून टाकू."

हे बोलणं रत्नपालला झोंबायला हवं होतं. झोंबलं नाही. पण एवढं त्याला कळत होतं की अल्काच्या गाण्याला उसनी चाल लागली, तर यापुढे पेटीला हात लावायचं तोंड आपल्याला राहणार नाही. पेटी गेली की मग बटणं लावणं तेवढं उरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसला. त्याची पद्धत ठरलेली होती. आधी ओळ नुसती बोलायची, गुडघ्यावर बोटं आपटत. 'गेली बाई धुऱ्यावरून, पाऊल राहिलं चिखलात.' बोलताना कुठला शब्द जड पडतो ते पाहायचं आणि तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर बसवायचा. इथे जड शब्द होता 'पाऊल'. ताल आठ मात्रांचा केहेरवा, चालताबोलता म्हणता येईल असा. मुखडा चार-पाच सुरांतच फिरवायचा, कारण तो सगळ्यांनी म्हणायचा असतो. अंतरा मात्र वर चढवायचा, वरच्या सा-ला टेकवायचा आणि पायरी पायरीने पुन्हा मुखड्याच्या दारात आणून सोडायचा.

अर्ध्या तासात चाल तयार झाली. रेशनच्या अर्जातले रकाने भरावेत तशी ती त्याने भरली होती. कुठे चूक नव्हती, आणि त्याला काही वाटतही नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्याने या वेळी बदलली. रत्नपालच्या चालींची एक खूण होती. पहिला तुकडा संपला की दोन मात्रा कोणी काही म्हणायचं नाही, पेटीनेही नाही. नुसता ढोलक चालायचा आणि मग शब्द समेवर येऊन पडायचा. आजूबाजूच्या गावांतली मंडळं या थांब्यावरून त्याची चाल ओळखत, आणि रत्नपालही कधीमधी मिशीला हात लावून म्हणायचा, "हे आपलं डोकं आहे." आज ती रिकामी जागा त्याला नकोशी झाली. त्याने तिथे पेटीचे चार सूर घातले, शब्द ओढून सलग केले आणि जागा बुजवून टाकली.

चाल विहारात जाण्याआधी रोवण्यात जायची, हाही त्याचा नेम होता. चिखलात वाकून, मागे मागे सरकत धान रोवणाऱ्या बायकांना दुपारपर्यंत जी चाल म्हणता आली ती पास. पूर्वी अल्का ती घेऊन जायची. आता त्यांची मुलगी रीना सकाळी शिकली आणि गेली.

दुपारी रत्नपाल धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन उभा राहिला. खाली चिखलाने भरलेल्या बांधीत दहा-बारा बायका होत्या, पुढे कुसुमबाई. गाणं चालू होतं, पण 'धुऱ्यावरून'पाशी सगळ्या थांबत होत्या. दोन मात्रा गप्प, आणि मग 'पाऊल'.

"काऊन थांबता वो तिथं?" तो ओरडला. "या चालीत थांबा नाही. रीना, तू शिकवली नाहीस का?"

"शिकवली बाबा," रीना म्हणाली. "ह्या ऐकूनच नाही राहिल्या."

कुसुमबाईने कंबर सरळ केली. "तिथं थांबाच लागते, भाऊ. अल्का थांबे तिथं."

"थांबा मी ठेवत होतो."

"तू ठेवे!" कुसुमबाई हसली, पण तिच्या हसण्यात टोमणा नव्हता. "रीना झाली त्या सालची गोष्ट. नवीन गाणं घेऊन आली अल्का, अन् अर्ध्यातच तिले दम लागला. आमी साऱ्या थांबलो तिच्यासाठी. तिनं दम घेतला, मंग पुढं म्हटलं. तू इथंच उभा होता धुऱ्यावर. दुसऱ्या दिवशी विहारात पेटीवर तसंच वाजवलं तूनं. आमाले वाटलं, तुले समजलं असंल."

रत्नपालला समजलं नव्हतं. त्याला त्या दिवशी फक्त एवढंच ऐकू आलं होतं, की थांबल्यावर शब्द छान पडतो. वीस वर्षं तो शेजारी दम खाणाऱ्या बाईची जागा सांभाळत आला होता आणि तिला स्वतःचं डोकं म्हणत आला होता. तो घरी गेला. घालून ठेवलेले चार सूर त्याने काढून टाकले.

शुक्रवारी विहारात मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण झालं, गुरुजी दोन शब्द म्हणता म्हणता वीस मिनिटं बोलले. मग गाणं सुरू झालं. बकारामचा ढोलक, रत्नपालची पेटी, मागे रोवण्यातल्याच सगळ्या बायका. मुखडा गेला, अंतरा वर चढला, खाली उतरला.

'गेली बाई धुऱ्यावरून.'

एक मात्रा. दुसरी. सम आली, आणि रत्नपालचा हात भात्यावरच राहिला. भाता त्याला ओढताच येईना. तोंड उघडं होतं आणि श्वास आत जात नव्हता. बकारामने एक आवर्तन वाट पाहिली, दुसरं पाहिलं, मग त्याचेही हात थांबले. बायकांपैकी कोणी पुढचा शब्द उचलला नाही. रीना उठू लागली, तशी कुसुमबाईने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"थांब माय," ती हळूच म्हणाली. "दम घेऊ दे त्याले."

आणि सगळ्या थांबल्या.