लाल चौकट

माझ्या दादाला घरात सगळे भडका म्हणतात. काच कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण डोकं फिरलं की फिरलं. यापायीच दोन कारखाने सुटले. तिसऱ्याच्या मालकांनी बजावलं होतं, पुन्हा कोणाच्या अंगावर धावून गेलास तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस. हाकलून देण्याआधी आपणच निघावं, असं त्याच्या मनात घोळत होतं. डोक्यात ब्रेकच नसेल तर उगाच बोलणी कशाला खायची, म्हणून खातरजमा करायला तो मी काम करते त्या मेंदू-संशोधनाच्या प्रयोगशाळेत आला.

चाचणी सोपी आहे. स्कॅनरमध्ये उताणं पडायचं, पडद्यावर बाण दिसला की त्या बाजूचं बटण झटकन दाबायचं. मधूनच, बाण दिसल्यावर क्षणभराने, त्याच्याभोवती लाल चौकट उमटते. ती दिसली की हात आवरायचा.

दादा एकदाही चुकला नाही. मी खूश झाले आणि मग वेळा तपासल्या. चौकट येते का हे बघत तो प्रत्येक बाणाला रेंगाळला होता. निघालेला हात थांबवताना मेंदू काय करतो ते आम्हाला पाहायचं होतं. याचा हात निघतच नव्हता. फेरी वाया गेली.

माइकवरून तसं सांगितल्यावर तो उसळला. एवढा वेळ मुडद्यासारखा पडून राहिलो ते फुकटच का, वगैरे बरंच ऐकवलं. त्याच्या मुठीत रबरी फुगा होता. तो दाबला की घंटा होते आणि आम्ही माणसाला बाहेर काढतो. मी घंटेची वाट बघत राहिले.

"पुन्हा लाव," दादा म्हणाला. "या वेळी खरंच झटकन दाबतो."

या फेरीत निम्म्या चौकटींना तो फसला. तोंड पाडून बाहेर आला. मी समजावलं, थांबणं जमलं की यंत्र पुढची चौकट आणखी उशिरा दाखवतं, त्यामुळे निम्म्या वेळा सगळेच फसतात, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चित्रं तयार झाली. दादा ज्या वेळी थांबला होता, त्या वेळी त्याच्या कपाळामागचा उजवा भाग आम्ही तपासलेल्या इतरांपेक्षा जास्त कामाला लागलेला दिसत होता.

"म्हणजे ब्रेक आहे?"

"आहे. तुला तो जास्त जोर लावून दाबावा लागत असावा. पण दादा, एका माणसावरून छातीठोक नाही सांगता येणार."

"तुझं ते 'असावा' काही सुटत नाही," म्हणत त्याने मालकांना फोन लावला आणि दुपारी येतो म्हणून सांगितलं. पलीकडून काहीतरी खोचक आलं असणार. त्याची मान ताठ झाली, ओठ उघडले, मिटले.

"दुपारी," तो परत म्हणाला. "मोठ्या काचा माझ्यासाठी ठेवा."