काठावरचे वाटेकरी

बाबांचे दिवस झाल्यावर उमेश, माझा धाकटा भाऊ, जव्हारहून गावी पोशेऱ्याला परत आला तो एक शेअर ठरवूनच. भाव तीन रुपये. तो नोकरीला आहे त्या शाळेतले सगळे मास्तर घेत होते. विम्याचे पैसे आईच्या नावावर आले होते आणि त्यातून शेतात विहीर खणायची होती. उमेशला ते आधी तिथे घालून दुप्पट करायचे होते.

आई माझ्याकडे बघत एवढंच म्हणाली, "मंजुषाला बघू दे."

बाबा मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. शेअर बाजार ते मोबाइलवर शिकले आणि मला शिकवला तो ओढ्याच्या हिशेबाने. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून मासे मारले, की वाटे पडण्याआधी जो काठावर येईल त्यालाही वाटा मिळतो. त्यामुळे बाबा टोपलीतल्या माशांआधी काठावर किती जण जमलेत ते बघत.

नफा दुप्पट झालाय, असं उमेश सांगत होता. मी कंपनीच्या जुन्या घोषणा उघडल्या. तीन वर्षांत शेअरांची संख्या चौपट झाली होती, म्हणजे एका शेअरमागे नफा निम्माच. आणखी शेअर काढता यावेत म्हणून कंपनीला भांडवलाची मर्यादा पुन्हा वाढवायची होती. काही निवडक लोकांना बाजारापेक्षा कमी भावात नवे शेअर दिले होते. मालकांचा स्वतःचा हिस्सा मात्र घटत चालला होता.

"इतके लोक येतात म्हणजे कंपनी चांगलीच असेल ना, ताई? आपण नाही का येईल त्याला वाटा देत?"

"देतो. पण तो पुढच्या खेपेला जाळं धरायला येतो. हे स्वस्तात शेअर घेणारे वाटा विकून निघून जातात."

तो मोबाइल स्वतःकडे ओढून म्हणाला, "बरं, शेअर विकून उभा केलेला पैसा घातला कुठं?"

हा प्रश्न मी त्याला सांगितला नव्हता. बाबा अगदी असंच विचारायचे. आम्ही शोधलं. कारखाना नाही, यंत्र नाही. पैसा दुसऱ्याच एका कंपनीला उसना दिलेला.

उमेशने शाळेतल्या गौतम मास्तरांना स्पीकरवर फोन लावला आणि आपण घेत नाही, तुम्हीही आधी शेअरांची संख्या किती वाढली ते बघा, असं सांगितलं. पलीकडून मास्तर हसले. "कारकुनाचा पोरगा तू. आता बाजाराचीही फाइल अडवणार काय?"

"हो सर," उमेश म्हणाला. "बाबा असते तर त्यांनी तुमचीही अडवली असती."

बाबा गेल्यापासून आमच्यापैकी कुणी त्यांचं नाव इतक्या ताठ आवाजात घेतलं नव्हतं.