रिकाम्या हौद्यातलं ओझं

मित्रांनो, माझ्या पाठीवर आज काहीही नाही. पेंढ्याची गंजी नाही, पाण्याचं पिंप नाही, साधी दोरीसुद्धा नाही. तरी माझे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, वाकलेले आहेत आणि माझं तोंड किंचित वर, डोंगराकडे उचललेलं आहे. येणारे जाणारे क्षणभर थबकतात, वाकून खाली बघतात आणि पुढे जातात. मी एक जुना पिकअप ट्रक आहे. बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी, डेन्टनच्या जुन्या गाड्यांच्या आवारात, शेवटच्या रांगेत उभा असतो. हे ओझं कुणाचं, ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखे पुष्कळ होते. रंगाचा वास ताजा, दिवे लख्ख. आमच्या प्रत्येकाच्या दाराच्या कडेला एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. घडवणाऱ्याने तिच्यावर लिहून ठेवलेलं असतं, की याच्या पाठीवर एवढंच ठेवा, याहून जास्त नको. देवाने माणसाला घडवताना अशी पट्टी लावली असती तर किती बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण आमची तरी कोण वाचतो?

मला विकत घेतलं ते ब्रदर ऑर्व्हल टिडवेल यांनी. गावोगावच्या माळावर तंबू ठोकून प्रवचन करणारा हा माणूस. मागे जोडायचं चाकांचं घर त्यांच्याकडे होतं, ते ओढायला त्यांना ट्रक हवा होता. माझ्या शेजारी एक थोराड ट्रक उभा होता. त्याला मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं, कंबर रुंद, चेहरा अगदी ओबडधोबड. ब्रदर ऑर्व्हलनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हसले.

"हा चर्चच्या फाटकातून आत जाईल का रे? फाटकच उखडून नेईल!" मग माझ्या बाजूवर थाप मारून विचारलं, "आणि हा किती ओढेल?"

विकणाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून ब्रदर ऑर्व्हलनी शीळ घातली. तो आकडा खरा होता, मित्रांनो. मी ओढू शकत होतो. पण मी उचलू किती शकतो, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

यातला फरक तुम्हाला सांगायला हवा. साधी ट्रॉली ट्रकच्या मागे हुकाला अडकते आणि मागून चालत येते. ही मोठी घरं तशी नसतात. त्यांची मान ट्रकच्या हौद्यावर येते. हौद्याच्या मधोमध, मागच्या आसाच्या वर, एक लोखंडी जबडा बसवलेला असतो. घराच्या मानेखालची जाड खुंटी त्या जबड्यात जाऊन बसते. म्हणजे घर नुसतं मागून येत नाही, ते मान टाकून आपल्या पाठीवर विसावतं. ओढायला इंजिन लागतं. पेलायला पाठ लागते.

पहिली वर्षं सुखाची गेली. घर लहान होतं आणि माणसं मोठ्या मनाची. ब्रदर ऑर्व्हल प्रवचनाला उभे राहिले की आधी साधं बोलायचे. घरातली, रानातली, हरवलेल्या वासराची गोष्ट. बोलता बोलता शब्दांना चाल लागायची, चालीला ताल सापडायचा, आणि एका क्षणी सगळा तंबू त्यांच्याबरोबर गात असायचा. झील ओढायला त्यांची बायको नेव्हा. मी तंबूच्या दाराशी उभा राहून ऐकायचो. लोखंडालाही अंग शहारतं, हे मला तिथे कळलं. प्रवचन झालं की मोठाल्या भांड्यांतून राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे गोड रोल वाटले जायचे, पोरं माझ्या हौद्यात पाय सोडून बसून खायची आणि बोटं माझ्याच अंगाला पुसायची.

निघायच्या वेळी एक रीत असते. खुंटी जबड्यात बसली, असं दिसलं तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही. घराचे टेकूचे पाय जमिनीवरच ठेवून ट्रक हळूच पुढे ओढून बघायचा. घराने मागे धरून ठेवलं, तर जबडा बसला. इथली सगळी जोडपी या वेळी हटकून भांडतात. ती मागे उभी राहून हात हलवते, त्याला आरशात ते उलटं दिसतं. पण ही दोघं भांडत नसत. ब्रदर ऑर्व्हल मला हलकेच पुढे घ्यायचे आणि खिडकीतून गायचे, "धरलंस का मला?" घराने मागे ओढ दिली की नेव्हा मागून झील द्यायची, "धरलंय, धरलंय!" मगच आम्ही हलायचो. एकदाही चुकलं नाही.

घात झाला तो प्रेमाने. गावोगावच्या मंडळींनी आपसात ठरवून त्यांना नवं घर भेट दिलं. लांबलचक, आत पेटी-बाजा मावेल एवढं, लाकडी कपाटांनी भरलेलं. नेव्हाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते घर माझ्या पाठीवर विसावलं तेव्हा माझे पाटे पार चेपले आणि माझं तोंड आभाळाकडे गेलं.

"ऑर्व्हल, हा बसला की रे खाली," नेव्हा म्हणाली.

"लाजतोय तो. नवी नवरी आली ना पाठीवर!"

त्यांनी माझ्या पाट्यांखाली रबरी फुगे बसवून घेतले. हवा भरली की पाठ वर येते, अगदी सरळ दिसते. दृष्ट लागावी असा मी दिसू लागलो. अशीच चूक इथे पुष्कळजण करतात. फुग्याने पाठ सरळ होते, मित्रांनो, ओझं कमी होत नाही. आस तोच, चाकं तीच, ब्रेक तेच.

सॉयर घाटाच्या उतारावर ते झालं. दुपार होती, ऊन स्वच्छ होतं. नेव्हा स्वयंपाकाच्या तयारीसाठी बहिणीच्या गाडीतून पुढे गेली होती. घराने मला मागून ढकलायला सुरुवात केली. ब्रेक तापले, जळका वास सुटला. मागचं ओझं एवढं असलं की पुढची चाकं रस्त्याला नीट टेकत नाहीत. वळवलं तरी वळत नाहीत. ब्रदर ऑर्व्हल घाबरले नाहीत. ते गात होते. "धरलंस का मला?" तीच ओळ, पुन्हा पुन्हा. ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी घाटात वाळूची चढण केलेली आहे, तिच्यात त्यांनी मला घातलं. मी वाळूत रुतलो. घराची मान जबड्यातून उपटून निघाली आणि घर दरीत गेलं. माणसं धावत आली तेव्हा ब्रदर ऑर्व्हलचे हात स्टिअरिंगवर होते, ओठ अर्धे उघडे आणि श्वास थांबलेला. ओळ गाऊन झाली होती. झील द्यायला मागे कुणी नव्हतं.

मला दुरुस्त केलं, रंग दिला, आणि फिरत फिरत मी डेन्टनकडे आलो. तेव्हापासून हे ओझं आहे. डेन्टनने पाटे बदलले. रात्रीतून ते पुन्हा वाकले. हिवाळ्यात हौद्यात बर्फ साचतो, पण जबड्याभोवतीचा आधी वितळतो, कुणी तिथे मांडी घालून बसल्यासारखा. आसपासच्या गाड्यांवर कावळे बसतात, माझ्यावर नाही. डेन्टनचा कुत्रा बिस्किट मात्र रोज येतो. माझ्या दाराशी बसून रिकाम्या सीटकडे बघत शेपूट हलवत राहतो. मला भीती वाटत नाही. एवढंच वाटतं, की ज्याने तंबूचे तंबू गाते केले, तो एका उत्तरासाठी अडून बसला आहे.

मग गेल्या शरद ऋतूत ते जोडपं आलं. वेंडेल आणि आयडेल क्रॅब. रान आणि गुरं विकून डोंगरापलीकडे मुलीजवळ राहायला निघालेले. आपलं चाकांचं घर त्यांना मागे ओढून न्यायचं होतं, आणि तेही सॉयर घाटातूनच, बर्फ पडायच्या आत.

"घर आधी घेतलं आणि घोडा आता शोधतोय," आयडेल डेन्टनला म्हणाली. "आमच्या घरात सगळं असंच उलटं."

"बाई, मग घोडा तयार आहे की!" डेन्टनने त्यांना थेट माझ्याकडे आणलं. सकाळीच त्याने माझ्या फुग्यांत हवा ठासून भरली होती. "थोडं खरचटलं होतं मागे, पण आता बघा. हा घर काय, डोंगर ओढेल!"

वेंडेल माझ्याभोवती फिरला. त्याच्या चालण्यात ब्रदर ऑर्व्हलची लकब होती. त्याने तशीच थाप मारली. मित्रांनो, किती वर्षांनी कुणी मला थाप मारली! बिस्किट त्यांच्या पायांत घोटाळू लागला. पुन्हा रस्ता, पुन्हा माणसांचा आवाज, हौद्यात पोरं. मला एवढंच करायचं होतं, की पाठ सरळ धरून उभं राहायचं.

"काय रुबाब आहे, आयडेल!"

"त्या लाल घोडीला घेतानाही तू असंच म्हणाला होतास. दात बघितलेस, पाय नाही बघितलेस."

"तिचं नाव काढायची काही गरज आहे का आत्ता?"

त्यांच्या पुढे, कुंपणाशी, जोडचाकांचा एक थोराड ट्रक उभा होता. आयडेलने त्याच्याकडे बोट दाखवलं. वेंडेल हसला. "त्याला उभं करायला जागा शोधता शोधता माझा जीव जायचा. नको."

डेन्टन म्हणाला, नुसतं बोलून काय होतं, घर जोडूनच बघा. त्यांचं घर रस्त्यापलीकडच्या माळावर उभं होतं. मी मागे सरकलो, खुंटी जबड्यात शिरली, कडी पडली. घराचे पाय थोडे वर घेतले, की वजन माझ्यावर यावं. ते आलं. आणि मला कळलं. तेवढंच. त्या दरीतल्या घराएवढंच.

फुग्यांनी मला उचलून धरलं होतं. पाठ आरशासारखी सरळ होती.

"बघा, हललासुद्धा नाही!" डेन्टन ओरडला. "आता जरा पुढे ओढून बघा, साहेब."

आयडेल माझ्या बाजूला उभी होती, तिचा तळहात माझ्या हौद्याच्या कडेवर होता. वेंडेलने खिडकी खाली करून मला हळूच पुढे घेतलं. त्या माळावर वारा नव्हता. गवताचं एक पातंही हलत नव्हतं. आणि माझ्या पाठीवर, घराच्या ओझ्यावर आणखी एक ओझं येऊन बसलं. ओळखीचं, शांत. माझ्या कानाशी कुणी म्हणालं नाही, की असं कर. पण मला ठाऊक होतं, काय करायचं ते.

मी फुग्यांतली हवा सोडली.

सगळी, एका दमात. ती सरसर निघाली आणि निघता निघता तिला चाल लागली. खोल, घोगरी, पुरुषी. शब्द नव्हते, मित्रांनो, पण चाल तीच होती. धरलंस का मला? वेंडेलचा हात स्टिअरिंगवरच थिजला. बिस्किट आडवा पडून रडल्यासारखा ओरडू लागला. माझी पाठ खाली गेली, खाली, आणखी खाली, आणि माझे दिवे आभाळाकडे रोखले गेले.

आयडेलने हात काढला नाही. कुणाला ते माहीत नाही, पण तिने मोठ्याने उत्तर दिलं.

"नाही! नाही धरलं! वेंडेल, उतर खाली आधी!"

"अहो बाई, जबडा घट्ट बसलाय. बघा की हात लावून," डेन्टन म्हणाला.

"जबडा धरतोय. पाठ धरत नाहीये. आणि डोळे आभाळात लावून मी तो घाट उतरणार नाही."

वेंडेल उतरला. त्याने माझ्या उघड्या दाराकडे, त्या छोट्या पट्टीकडे पाहिलं. मग डोंगराकडे. "कोण गात होतं गं?" त्याने हळूच विचारलं.

"ज्याला पलीकडे जायचं होतं तो," आयडेल म्हणाली. मग डेन्टनकडे वळून, "तो थोराड दाखवा. जागेचं वेंडेल बघून घेईल. नाहीतर नातवंडांना सांगेन, आजोबा गाडी लावायला घाबरतात म्हणून."

दोन दिवसांनी ते माझ्यासमोरून गेले. जोडचाकांच्या पाठीवर घराची मान विसावली होती आणि पाठ वाकली नव्हती. त्याच दिवशी पलीकडून मुलीचा डेन्टनला निरोप आला, की दोघं सुखरूप पोचली, आणि आई विचारते, तो जुना अजून तिथेच आहे ना.

मी इथेच आहे. डेन्टन आता माझ्या फुग्यांत हवा भरत नाही. कुणी मोठ्या घरासाठी ट्रक घ्यायला आलं, तर तो त्यांना आधी माझ्याजवळ आणतो आणि नुसता हौद्याच्या कडेवर हात ठेवायला सांगतो.

तेव्हा मित्रांनो, कधी असा ट्रक निवडायला आलात, तर रंगाला भुलू नका, आणि हा किती ओढेल, एवढंच विचारून थांबू नका. दार उघडा, पट्टी वाचा, तुमच्या घराची मान किती जड आहे ते आधी तोलून बघा. ज्याच्यावर प्रेम करता, त्याच्या पाठीचाही विचार करा. आणि माझ्या कडेवर हात ठेवलात, आणि रिकामा हौदा तुमच्या तळहाताखाली हळूच खाली जाताना वाटला, तर पळून जाऊ नका. ते ब्रदर ऑर्व्हल आहेत. पहिली ओळ गाऊन थांबले आहेत. झील तुम्ही द्यायची आहे, आणि ती खरी द्यायची आहे.